एन्क्वायरी, इन्क्वायरी आणि वाईचे मामा

सांगलीतल्या ज्या खासगी हॉस्पिटलात मी नोकरी करतो, तिथं माझ्या खिडकीवर दोन पाट्या आहेत. एक जुनी, पत्र्याची, ब्रशनं रंगवलेली. दुसरी नवी, आतून दिवा लागणारी. मराठीत दोन्हींवर ‘चौकशी’ असंच लिहिलंय. इंग्रजीत मात्र जुन्या पाटीवरचा शब्द ई अक्षरानं सुरू होतो आणि नव्या पाटीवरचा आय अक्षरानं. जुनी काढून टाकायची असं ठरलं होतं, पण ती काढली तर मागचा उडालेला गिलावा दिसतो, म्हणून राहिली.

नवी पाटी लागली त्या दिवशी मला उगाचच धस्स झालं. मी फौजेत क्लार्क होतो. एखादी गाडी धडकली, स्टोअरमधलं सामान कमी भरलं, की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसायची आणि साक्षीदारांचे जबाब टाइप करायचं काम माझ्याकडं यायचं. त्या कागदांवर हा शब्द आय-नं सुरू व्हायचा. साक्षीदार स्टुलावर ताठ बसलेला, समोर तीन साहेब, कोपऱ्यात मी. निवृत्त होऊन या खिडकीत बसलो तेव्हा डोक्यावर ई होता. ई-खाली बसून मी लोकांना एक्स-रे कुठं काढतात, लघवी तपासायला कुठं द्यायची, पेशंटला भेटायची वेळ काय, हे सांगायचो. कुणाच्या पोटात गोळा येईल असं त्यात काही नव्हतं.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. इंग्रजी घेऊन शिकलेली आहे. तिला फोन करून विचारलं, तर हसली.

“बाबा, दोन्ही तसे एकच. पण ब्रिटिश लोक थोडा फरक करतात. ई-वाली म्हणजे साधं विचारणं. आय-वाली म्हणजे रीतसर तपास. अमेरिकेत सगळीकडे आयच लिहितात.”

“आणि आपण?”

“आपण पेंटर लिहील ते.” मग म्हणाली, “तुमच्या खिडकीला ईच बरोबर आहे. तुम्ही काय कुणाचा तपास करत नाही.”

नाही करत, असं मी म्हणालो. तो विषय तिथंच संपायला हवा होता. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत कुंडलला माझ्या घरी वाईचे पाहुणे आले, आणि तेव्हापासून या दोन अक्षरांचा गुंता माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्याकडं लग्न जमवताना मुलीकडचे लोक थेट मुलाच्या घरी जात नाहीत. आधी गावात चौकशी करतात. ऊस लावायचाय, म्हैस बघायचीय, असं काहीतरी सांगून सलूनमध्ये बसतात, दूध डेअरीवर उभे राहतात, पिठाच्या गिरणीत डोकावतात. ते म्हशीसाठी आलेले नाहीत हे पहिल्या चहालाच सगळ्या गावाला कळलेलं असतं, आणि गावाला कळलंय हे पाहुण्यांनाही कळलेलं असतं. तरी म्हशीविषयी बोलणं दोन्ही बाजूंनी मन लावून चालतं.

वाईचे हे पाहुणे मुलीचे मामा होते. मुलीला वडील नाहीत, सगळं मामाच बघतात. ज्याची चौकशी करायची तो माझ्या शेजारच्या वहिनींचा मुलगा. आमची आडनावं वेगळी, कुळी वेगळी, पण भिंतीला भिंत. पोरगा तिशी ओलांडलेला. शिकला, पण नोकरीच्या मागं लागला नाही. उसाच्या रोपांची नर्सरी काढली आणि ती चालवून दाखवली. मी फौजेत असताना माझ्या उसाला पाणी त्यानंच पाजलं, आणि आई गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं त्यानंच केलं. असला पोरगा, पण शेती करतो म्हटल्यावर मुलीकडचे उठून जायचे. पाच-सहा वर्षं वहिनी स्थळं बघत होत्या. अलीकडं नवीन स्थळाचं नाव काढलं की पोरगा रोपांच्या ट्रेमध्ये मान घालून बसायचा. वाईचं स्थळ हे पहिलं असं होतं की मुलीनं स्वतः म्हटलं होतं, शेतकरी चालेल.

रविवार होता. मामा सलून, डेअरी करून माझ्या दारात आले.

“मेजर हायत का?”

आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. मी हवालदार होतो, पण हे सांगून काही उपयोग होत नाही.

मी त्यांना खुर्ची दिली. चहा नको म्हणाले, “आत्ताच झाला.” म्हणजे दोन-तीन ठिकाणची चौकशी झाली होती. म्हशीचा विषय त्यांनी माझ्यापाशी काढलाच नाही. फौजी माणूस, सरळ बोलेल, म्हणून सरळच आले.

“नर्सरी त्याचीच का?”

“त्याचीच. जमीन वडलांच्या नावावर.”

“सभाव कसा?”

“मी त्याला चिडल्याला कवा बघितला न्हाई.”

“बघितला न्हाई, म्हंजे चिडत आसंल?”

“ते मला म्हाईत न्हाई. बघितलंय तेवढं सांगतो.”

मामांनी जरा रोखून बघितलं. मग आवाज खाली आणला. “दारूबिरू?”

“म्हाईत न्हाई.”

“तुमी शेजारी ना?”

“भिंतीला भिंत. पण मी दिवसभर सांगलीला असतो. त्याला पिताना मी बघितलं न्हाई. पीत न्हाई आसं सांगायला मी काय त्याच्यासंगं चोवीस तास नसतो.”

“बरं,” मामा म्हणाले आणि उठले. दारात माझा हात हातात घेतला. “मेजर, तुमी लय सज्जन माणूस. समजलं मला.”

लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मला बरं वाटलं होतं. साक्षीदारानं कसं बोलावं, हे मी किती तरी साहेबांच्या तोंडून ऐकलेलं. पाहिलं ते सांगा, ऐकलं ते सांगू नका, वाटतं ते तर मुळीच सांगू नका. मी तसाच बोललो होतो. एक शब्द इकडचा तिकडं केला नव्हता.

मामा कोपऱ्यावर वळले आणि बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ तसंच.

“आवं, काय केलंत हे?”

“काय केलं?”

“म्हाईत न्हाई म्हणत्यात व्हय कुणी? चांगला आसंल तर चांगला म्हणत्यात. वाईट आसला तरी चांगलाच म्हणत्यात, जरा दमानं. शेजाऱ्यानं म्हाईत न्हाई म्हटलं, म्हंजे पोरगं ढोसतंय, पर मला शेजारी ऱ्हायचं हाय.”

“मी आसं म्हटलं न्हाई.”

“तुमी न्हाई म्हटलं. त्यानं आयकलं.”

मी तिच्याशी भांडलो. खरं बोलण्याचा असा अर्थ कोण काढतो, असं म्हणालो. पण म्हणतानाच मला आठवत होतं की मी स्वतः याच गावात वाढलोय आणि हा अर्थ मलाही माहीत होता. वीस वर्षं दुसऱ्या भाषेत जबाब टाइप करून मी तो विसरलो होतो, की विसरल्यासारखं केलं, हे आजही सांगता येत नाही.

आठवड्याभरानं वाईहून निरोप आला. मुलीला अजून शिकायचंय. या वाक्याचा अर्थ मात्र आमच्याकडं शाळेतलं पोरही सांगेल.

संध्याकाळी वहिनी आमच्या पायरीवर येऊन बसल्या. रडल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“भावजी, गावातल्याच कुणीतरी काडी घातली बघा. सगळं जमत आल्यालं. तुमी शिकल्यालं, फौजेतलं. वाईला कुणी काय सांगितलं, जरा चौकशी करा की.”

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि आत निघून गेली.

मी बघतो, असं म्हणालो. फौजेत एक नियम होता, ज्याच्यावर बोट आहे तो माणूस चौकशीला बसत नाही. इथं वहिनींनी मलाच बसवलं होतं. साक्षीदार मी, ज्याच्याकडून चूक झाली असेल तो मी, आणि अहवाल द्यायचा तोही मीच. त्याच क्षणी मी सांगून टाकायला हवं होतं. पण नेमकं काय सांगणार? मी खोटं बोललो नव्हतो. वाईट बोललो नव्हतो. “वहिनी, मी खरं बोललो आणि लग्न मोडलं,” हे वाक्य मी मनात बरेचदा जुळवून बघितलं. दर वेळी ते मी स्वतःला सोडवण्यासाठी म्हणतोय असं वाटायचं.

मग वाटलं, माझ्या जबाबात जी जागा रिकामी राहिली ती भरावी. पोरगा पीत नाही एवढं एकदा कळलं की वाईला जाऊन ठामपणे सांगता येईल. म्हणून नर्सरीत गेलो. तो उकिडवा बसून ट्रेमध्ये उसाचे डोळे, म्हणजे कोंब फुटणारे तुकडे, लावत होता.

“एक विचारू?”

“विचारा की काका.”

“तू घेतोस का रं? दारू?”

त्यानं हात थांबवला. “खरं सांगू का चांगलं सांगू?”

“खरं.”

“मग कवातरी. दोस्ताच्या लग्नात, यात्रेला. एखादा गिलास. घरात कुणाला म्हाईत न्हाई.” मग माझ्याकडं बघून म्हणाला, “वाईचं मामा तुमच्याकडं आलं हुतं, न्हवं?”

“आले होते.”

“मग तुमी काय सांगितलं?”

“म्हाईत न्हाई म्हणालो.”

तो हसला. मोठ्यानं नाही. “काका, तुमी तर पार गेमच केला गड्या.” आणि पुन्हा मान खाली घालून डोळे लावायला लागला. एक, मग दुसरा, मग तिसरा, अंगठ्यानं दाबून. त्यानं आईला काही सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्याला चिडलेला मी कधी बघितला नाही, हे तर मीच जबाबात सांगितलं होतं.

घरी येताना मी आणखीनच गोंधळलो. आता तर ‘माहीत नाही’ हेही माझ्याजवळ उरलं नव्हतं. पीत नाही म्हटलं तर खोटं. कधीतरी घेतो म्हटलं तर उरलंसुरलंही मोडणार. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “आता त्या पोराला तरी सोडा. सारकं खणत बसू नगा.” मुलीनं फोनवर सांगितलेला फरक तेव्हा मला आठवला. मी गेलो होतो आपुलकीनं विचारायला आणि करून आलो होतो तपास.

तरी सुट्टी टाकून मी वाईला गेलो. कराडला गाडी बदलली, साताऱ्याला बदलली. प्रत्येक स्टँडवर चौकशीची खिडकी होती आणि प्रत्येक खिडकीवरची पाटी मी वाचली. एकीवर ई, दुसरीवर आय, तिसरीवर नुसतं मराठी. त्यातून मला काय कळणार होतं, कुणास ठाऊक.

मामांचं भांड्यांचं दुकान घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. ते एका बाईला पितळी तांब्या दाखवत होते. मला बघून चमकले. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी स्टूल पुढं केलं. मी त्या स्टुलावर बसलो आणि मला कळलं की मी अगदी ताठ बसलोय.

“मेजर, एवढ्या लांब?”

“त्या दिवशी मी जे बोललो...”

“तुमी कुठं काय बोलला?”

“तेच सांगायला आलोय. पोरगा कवातरी घेतो. लग्नात, यात्रेत. मी त्यालाच विचारून आलोय.”

मामा बघतच राहिले. मग इतके हसले की शेजारच्या दुकानदारानं डोकं बाहेर काढलं.

“त्यालाच विचारून आला? आवं, त्यालाच विचारायचं आसतं तर आमी गावभर कशाला चहा पीत हिंडलो आसतो?” डोळे पुसले. “कवातरी तर मी पण घेतो की. मला वाटलं, रोज पडलेला आसतो. शेजारी बोलंना म्हंजे मोठं काहीतरी हाय.”

मला हलकं वाटलं. उठणार होतो. मामांनी हात धरला. आता हसत नव्हते.

“बसा. एकच विचारतो. माझी भाची बिनबापाची हाय. तुमाला लेक हाय का?”

“हाय. पुण्यात आसते.”

“तिचं लगीन?”

“व्हायचंय.”

“मग सांगा. या पोराला तुमी तुमची लेक दिली आसती का?”

इथं मला मागची एक गोष्ट सांगावी लागेल. मुलगी पुण्याला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, आमच्या अंगणात पापड लाटायला शेजारच्या बायका जमल्या होत्या. वहिनी लाटता लाटता माझ्या बायकोला म्हणाल्या, “ही पोरगी भिंतीपलीकडंच ऱ्हाऊ दे की. रोज दिसंल तुमाला.” चेष्टेतच म्हणाल्या, पण हात थांबवून म्हणाल्या. मी आतल्या खोलीत होतो. मी ऐकलं. त्या गेल्यावर बायकोनं मला विचारलं, काय सांगू? मी म्हणालो, “सांग, तिला अजून शिकायचंय.” पोराबद्दल माझ्या मनात वाईट काही नव्हतं. शेती होती, एवढंच. माझी पोरगी इंग्रजी शिकलेली आणि त्याच्या हाताला कायम माती. यापलीकडं मी विचारच केला नव्हता. वहिनींनी पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि पोरगा माझ्या उसाला पाणी पाजतच राहिला.

हे सगळं मामांच्या प्रश्नानंतरच्या एका श्वासात माझ्या मनातून गेलं. थांबलो असतो तर मामांनी त्या थांबण्याचाही अर्थ काढला असता. एव्हाना मला तेवढं कळलं होतं.

“व्हय,” मी म्हणालो. “डोळं झाकून दिली आसती.”

“बास,” मामा म्हणाले. “हेच आयकायचं हुतं.” आणि त्यांनी चहा सांगितला.

मी आधी खरं बोललो त्यानं एका पोराचं जमलेलं लग्न मोडलं, आणि मग खोटं बोललो त्यानं मोडलेलं जमलं. परतीच्या गाडीत मी एवढाच हिशेब मांडत होतो. पण कराड येईपर्यंत तोही डळमळला. ते नक्की खोटं होतं का? त्या उन्हाळ्यात मी दिली नसती, हे खरं. पण त्या दुकानात, त्या स्टुलावर बसलेला मी, आज, दिली असती की नाही? फौजेत जबाबाखाली साक्षीदाराची सही असायची. माझ्या या जबाबाखाली मी सही केली असती का, हे मला ठरवता येईना.

साखरपुडा कुंडललाच झाला. मुलगी मोकळ्या मनाची, हसरी. पोरगा नव्या शर्टात अवघडून बसला होता आणि नखातली माती घासूनही गेली नव्हती. तिनं ती बघितली आणि हळूच काहीतरी म्हणाली, तसा तो मान वर करून हसला. किती तरी दिवसांनी मी त्याला स्थळाच्या गोष्टीत मान वर केलेला बघितला.

जेवणं झाल्यावर मामांना रंग चढला. चार माणसांत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “हे लगीन मेजरनी मोडलं आणि मेजरनीच जोडलं! आधी म्हणतात, म्हाईत न्हाई. मग वाईपतूर येऊन म्हणतात, माझी लेक दिली आसती, ती बी डोळं झाकून!”

सगळे हसले. वहिनी पेढ्यांचं ताट घेऊन माझ्या पुढ्यातच उभ्या होत्या. एका वाक्यात त्यांना दोन्ही गोष्टी कळल्या. काडी कुणी घातली तेही, आणि नंतर कोण काय म्हणालं तेही. त्यांनी ताट माझ्यापुढं धरलं.

“व्हय का भावजी? डोळं झाकून? मग तवा का वो उघडं ठिवलं हुतं?”

आजूबाजूचे चेष्टा समजून आणखी हसले. मी एक पेढा उचलून तसाच हातात धरला. बायको माझ्या मदतीला आली.

“आवं वहिनी, तवा पोरीला शिकायचं हुतं.”

“व्हय की,” वहिनी म्हणाल्या. “वाईच्या पोरीला बी शिकायचं हुतं.” त्यांनी माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला आणि पुढच्या माणसाकडं गेल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. किंवा असेल, मला दिसला नाही. वहिनी आजही येतात, पायरीवर बसतात, सुनेचं कौतुक सांगतात. मला माफ केलंय की नाही हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर ते साधं विचारणं होईल की आणखी काही, याची मला खात्री नाही.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जेवणाच्या सुट्टीत मी मुलीला फोन केला. साखरपुडा कसा झाला, सून कशी आहे, मामा किती बोलतात, हे सगळं सांगितलं. तिला आनंद झाला. मग मी म्हणालो, “तुला एक सांगायचं होतं. तू पुण्याला जायच्या आधी वहिनींनी तुझ्यासाठी...”

“माहितीये मला.”

“तुला कुणी सांगितलं?”

“बाबा, पापड मी पण लाटत होते.”

खिडकीशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. मी तिला हातानंच जरा थांबा म्हणालो. इतक्या वर्षांत मला हे सुचलंच नव्हतं की ती अंगणात होती. वहिनींनी विचारलं बायकोला, बायकोनं विचारलं मला, मी उत्तर दिलं. जिच्याबद्दल सगळं चाललं होतं तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

“तेव्हा विचारलं असतं,” मी म्हणालो, “तर तू काय म्हणाली असतीस?”

पलीकडं तिच्या ऑफिसातलं कुणीतरी बोलत असल्याचं ऐकू येत होतं.

“माहीत नाही, बाबा,” ती म्हणाली.

मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला. मी म्हातारीला एक्स-रेची खोली सांगितली. ती गेल्यावर मी तसाच बसून राहिलो. मुलगी खरंच माहीत नाही म्हणून तसं म्हणाली, की आमच्या गावात म्हणतात तसं, काहीतरी झाकायला म्हणाली, एवढं तरी बापाला कळायला हवं होतं. मला अजून कळलेलं नाही. पुन्हा विचारावं असं रोज मनात येतं, पण फोन हातात घेतला की ठेवून देतो.